साडेपाचचं छप्पर

फाटकाची कडी वाजली आणि ऋजुताने पडद्यावरचं काम घाईघाईने आवरलं. जतन केलं, पाठवून दिलं, खिडकी बंद केली. मग शेजारी ठेवलेली मेथीची जुडी पुढ्यात ओढून ती निवडायला बसली, जणू दुपारपासून तिचं तेवढंच चाललं होतं.

"काय करून राहिली ग?" शैलजाबाईंनी दारात चपला काढत विचारलं.

"काही नाही आई. मेथी निवडतेय."

"हं," असं म्हणून सासूबाई पाय धुवायला गेल्या.

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात या सासू-सुनेचं उदाहरण देत. बारा वर्षांत घरातून चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. शैलजाबाई गावंडे मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा परीक्षित कच्छमधल्या पवनचक्क्यांवर अभियंता, दोन महिन्यांतून आठ दिवस घरी यायचा. बाकीचे दिवस घरात या दोघीच असायच्या आणि एकमेकींना इतक्या जपून वागायच्या, की पाहुण्यांच्या घरी पाहुणे उतरलेत असं वाटावं.

सासूबाईंनी सुनेला कामावरून कधी एका शब्दाने टोकलं नव्हतं. तरीही रोज संध्याकाळी त्या बागेतून फिरून आल्या, की ऋजुताच्या छातीत धडधडायचं आणि हात आपोआप पडदा झाकायला जायचा. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. विचारणार तरी कोण होतं म्हणा.

ती ज्या कंपनीसाठी घरून काम करायची, ती कल्पित देशांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बनवायची. त्याचं नाव 'नवखंड'. जगभरातले हौशी लोक त्यात आपापले देश वसवत. कुणी खेळासाठी, कुणी लिहायच्या कादंबरीसाठी, कुणी नुसताच वेळ जात नाही म्हणून. नकाशावर ठेवायची चिन्हं, म्हणजे डोंगर, बुरूज, पूल, घरं, ही ऋजुता काढून द्यायची. त्यातही रंगबदलू चिन्हं तिच्यावाचून कुणाला नीट जमत नसत.

त्यामागची युक्ती साधी होती. चिन्हाच्या ज्या भागाचा रंग पुढे बदलायचा, तो भाग एका ठरलेल्या भडक राणी रंगात रंगवायचा. उजेडाकडे फिका राणी, सावलीकडे गडद. सॉफ्टवेअर तेवढाच रंग ओळखतं आणि त्याच्या जागी नकाशा काढणाऱ्याने निवडलेला रंग भरतं, फिका-गडदपणा जिथल्या तिथे ठेवून. म्हणून भिंती पांढऱ्या राहतात आणि छप्पर कुणाचं निळं होतं, कुणाचं पिवळं. राणी रंगाचा एक ठिपका जरी भिंतीवर सांडला, तरी तिथे रंगीत डाग उमटतो. असे ठिपके हुडकून काढण्यात ऋजुताचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत मात्र छपरांचे रंग माणसानेच निवडावेत असं राहिलं नव्हतं. ते एखाद्या सतत बदलत्या मापाला बांधता येऊ लागले होते. आधी लोकांनी वारा बांधला, मग धरणांची पातळी, आणि शेवटी मनगटावरचा पट्टा. आरोग्यपट्टा आता जो तो घालत होता. त्वचेवरच्या घामातून वीज किती सहज वाहते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं कमी-जास्त होतं, हात गार पडलाय की गरम, या तिन्हींवरून तो शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायचा. आकडा खाली असला की छप्पर हिरवं, चढू लागला की हळदी, आणखी चढला की तांबडं, आणि फारच झालं तर जांभळं. मनात खळबळ किती आहे, एवढंच तो आकडा सांगतो. कशाची आहे, ते सांगत नाही. बस सुटेल म्हणून धावणारा माणूस आणि लग्नाला होकार मिळालेला माणूस, दोघांचाही आकडा ऐंशीच येतो. माहितीपुस्तिकेतलं हे वाक्य ऋजुतानेच लिहिलेलं होतं.

चिन्ह तपासायला जिवंत माप लागतं, आणि हाताशी असलेलं माप म्हणजे आपलंच मनगट. त्यामुळे सगळेच चिन्हकार स्वतःचा पट्टा जोडून बघत आणि पाठवण्यापूर्वी तो सोडवत. याला ते आपसात 'हात झटकणं' म्हणत. हे अगदी शेवटचं काम. त्या संध्याकाळी कौलारू घराचं चिन्ह तयार झालं होतं आणि हात झटकायचा तेवढा बाकी होता, तेव्हा फाटकाची कडी वाजली.

तीन आठवड्यांनी पुण्याहून झेलमचा फोन आला. झेलम म्हणजे ऋजुताची वरिष्ठ, पण मैत्रिणीसारखी.

"ऋजुता, तुझ्या कौलारू घराचा हात झटकायचा राहिलाय."

ऋजुताने घाईने त्या चिन्हाची फाइल उघडली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. साठ हजार नकाशांवर ते घर आहे. लोकांनी आपला पट्टा जोडला नाही तर छप्पर तुझ्या मनगटावर चालतं. सगळ्यांना वाटलं, आम्ही मुद्दाम काहीतरी कोडं घातलंय. जगभरची घरं एकाच क्षणी तांबडी होतात म्हणे. ब्राझीलमधल्या एका बाईने त्यावर गोष्ट रचली आहे, आणि ती सगळीकडे फिरतेय."

"कसली गोष्ट?"

"त्या वेळेला चेटकीण जंगलातून घरी परत येते. म्हणून घर घाबरतं." झेलम हसली, मग तिच्या लक्षात आलं की पलीकडून हसू येत नाहीये. "हे बघ, वरच्यांना ते भारी आवडलंय, पण माप तुझं आहे. ठेवायचं की काढायचं हे तूच ठरवायचं. दुरुस्त फाइल पाठवलीस की पाच मिनिटांत सगळी घरं गप्प होतील."

ठरवायचं काय होतं त्यात? चव्हाट्यावर आपलं मन असं वाळत घातलेलं कुणाला आवडेल? ऋजुताने दहा मिनिटांत फाइल दुरुस्त केली. ती पाठवणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली. शैलजाबाई घरातल्या दारावर कधी टकटक करत नसत. आज त्या उंबऱ्याशीच थांबल्या होत्या, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात टॅबलेट घेऊन.

"येऊ का?"

"अहो आई, विचारता काय?"

त्या खुर्चीवर बसल्या. 'नवखंड' त्यांच्याकडेही होतं. निवृत्तीच्या दिवशी ऋजुतानेच त्यांना ते टॅबलेटवर घालून दिलं होतं, आणि त्यात त्यांनी अक्षांश-रेखांशांसकट स्वतःचा एक देश मांडला होता. दुपारी त्या चष्मा लावून इतर नकाशेवाल्यांची पत्रं वाचत बसत. हे सगळं ऋजुताला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय, ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

शैलजाबाईंनी वही उघडली. आखलेला तक्ता होता. गाव, तिथली वेळ, छपराचा रंग.

"घर लाल झालं की लोक आपापल्या गावची वेळ लिहितात. ब्राझीलची बाई सकाळचे नऊ लिहिते. लंडनचा एक जण दुपारचे बारा. टोकियोचा रात्रीचे नऊ. आता सांग, हे घर कोणत्या गावाच्या घड्याळावर चालून राहिलं, ते कसं काढायचं? एकेक गाव घेऊन पाहिलं मी. आपल्याकडे तेव्हा किती वाजतात?"

वर्गात उभं केल्यासारखी ऋजुता हळूच म्हणाली, "साडेपाच."

"बरोबर. मी फिरून येते ती वेळ. दुपारी एकला मी जेवायला हाक मारते, तेव्हा हळदी. मागच्या शुक्रवारी मी नागपूरला डोळे दाखवायला गेली होती, मुक्कामाला. त्या दिवशी लोकांनी लिहिलं, आज घर हिरवंच्या हिरवं. आणि चिन्ह कुणी काढलं, ते तर खाली नावासकट लिहिलेलं आहे." त्यांनी वही मिटली. "तीन आठवडे पाहून राहिली मी. एक दिवस चुकला नाही. मी घरात आली का तुझं छप्पर लाल होते."

"तसं काही नाही, आई. त्या वेळेला कामाचा ताण असतो, म्हणून..."

टॅबलेट दोघींच्या मधे उघडाच होता. त्यावरचं कौलारू घर तांबड्याचं जांभळं झालं. दोघींनीही ते पाहिलं. ऋजुताला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"मी तुला कधी काही बोलली का?" शैलजाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता.

"नाही."

"कशाला अडवलं?"

"नाही, आई."

"मग काहून?"

बारा वर्षं ऋजुताने या प्रश्नाला वळसा घातला होता. आता तो समोर खुर्ची टाकून बसला होता.

"मी उद्या अमृताकडे जाते, यवतमाळला," शैलजाबाई म्हणाल्या. अमृता त्यांची लेक. "ती कधीची बोलावून राहिली. आठ दिवस तू ते छप्पर बंद करू नको. मी तिथून पाहीन. मी नसताना साडेपाचला ते हिरवं राहिलं, तर माझं उत्तर मला मिळालं. मग मी तिकडेच राहीन. कुणाच्या जिवाला घोर लावून मला या घरात राहायचं नाही. आणि पट्टा काढून ठेवू नको. ते पण उत्तरच होईल."

सकाळच्या गाडीने त्या गेल्यासुद्धा. दुपारी परीक्षितचा फोन आला.

"तुम्ही दोघी भांडलात का?"

"नाही रे."

"मग आई गेली कशी?"

"भांडलो नाही म्हणूनच बहुतेक," ऋजुता म्हणाली. त्याला काही कळलं नाही आणि तिलाही नीट समजावता आलं नाही.

पहिल्या दिवशी ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली. चारला चहा केला आणि तो कपातून न पिता मोठ्या पेल्यातून प्यायली. साडेपाच वाजले, सहा वाजले. तिचा पडदा उघडाच होता आणि त्यावर एका दीपगृहाचं काम रंगात आलं होतं. छप्पर हिरवं. तिला बरं वाटत होतं, नाकारण्यात अर्थ नव्हता. खरं तर इतकं बरं वाटत होतं, की दिवा लावताना तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीही हिरवं. झेलमने कळवलं, लोक हळहळतायत, चेटकीण गेली म्हणून. ते वाचून ऋजुता उठली. यवतमाळला एक म्हातारी चष्मा लावून तेच हिरवं छप्पर बघत बसली असेल, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिच्या मनात आलं, जिना चार वेळा चढून उतरलं तर आकडा ऐंशीच्या पुढे जाईल. आकड्याला काय कळतंय? तिकडे आईंना वाटेल, सुनेचा जीव खालीवर होतोय. ती जिन्याशी गेली, चार पायऱ्या भराभर चढलीही, आणि मग कठडा धरून थांबली. बारा वर्षं तोंडाने खोटं बोलून झालं होतं. आता घामानेही खोटं बोलायचं?

ती खाली उतरली. छप्पर हिरवंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला तिचं कामातून लक्ष उडालं. दीपगृहाच्या कडेचा राणी ठिपका तीनदा सुटला, हे तिच्या हातून कधी होत नसे. ती उठून स्वयंपाकघरात गेली, काय घ्यायला आलो ते विसरून परत आली. ओट्यावर दोन कप मांडलेले होते. ते कधी मांडले, तिला आठवेना. रस्त्यावर चपलांचा आवाज आला तशी ती खिडकीशी गेली. पलीकडच्या घरातल्या बाई होत्या, त्या पुढे निघून गेल्या. साडेपाच झाले. मग पावणेसहा. ती अंगणात गेली, आत आली, पुन्हा गेली. कुणी येणार नाही हे पक्कं माहीत असताना हे काय चाललंय, असं तिने स्वतःला खडसावून पाहिलं, पण पाय ऐकत नव्हते. पावणेसातला तिने नकाशा उघडला. छप्पर तांबडं होतं.

चौथ्या दिवशी तेच. तिने दीर्घ श्वास घेतले, देवापुढे बसली, अमृताला फोन लावला आणि वाजण्याआधी तोडला. काय सांगणार होती? तुमच्या आईला परत पाठवा, म्हणजे मला पुन्हा घाबरता येईल?

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन आला.

"दहा मिनिटं," पलीकडून शैलजाबाई म्हणाल्या. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"काय दहा मिनिटं, आई?"

"वही घेऊन बसली आहे मी. तीन आठवडे मी नुसता चढ मोजला. साडेपाचला चढते, साडेपाचला चढते. उतार मोजलाच नाही. लोकांनी लिहिलेलं होतं ग सगळं, माझीच नजर गेली नाही. मी घरात आल्यावर दहा मिनिटांत तुझं छप्पर हिरवं व्हायचं. रोज. आता मी नाही, तर परवा पावणेसातपर्यंत लाल, काल सातपर्यंत लाल. मी आली नाही तर ते उतरतच नाही." पलीकडे वहीचं पान उलटलं. "वर्गातल्या पोरीनं असा अर्धा तक्ता दाखवला असता तर मी तिला उभं केलं असतं."

ऋजुता भिंतीला टेकून खाली बसली. आज तिला थांबायचं नव्हतं.

"आई, खरं सांगू?"

"खरंच सांग आता."

"तुम्ही आलात की मी घाबरते. आणि नाही आलात तर मला करमत नाही. दोन्ही खरं आहे. पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं, तेही खरं आहे."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"घाबरते काहून? मी काय केलं?"

"लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी एका बेटाचा नकाशा करत होते. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. म्हणालात, नदी डोंगरातून खाली येताना अशी फाटे फुटत जात नाही, एकमेकीत मिळत जाते. आणि निघून गेलात. मी तो सगळा नकाशा पुन्हा काढला, आई. तेव्हापासून तुमची चाहूल लागली की वाटतं, आता आपलं काहीतरी चुकलेलं सापडणार."

"मला तर आठवत नाही."

"मला आठवतं ना."

शैलजाबाईंनी विचार केला. "पण नदी चुकलीच असेल ना तुझी?"

ऋजुताला त्यांचा राग आला. याआधीही कितीदा आला होता, पण या वेळी तो तोंडापर्यंत पोचला. "आई, ते कल्पित बेट होतं. तिथे ड्रॅगन राहत होते. तिथली नदी कशीही वाहील."

"ड्रॅगन राहू दे. पाणी तर पाणीच आहे ना? ते काय वर चढते?"

"बघा, तुमचं हेच मला..."

"काय हेच? अर्धं नको सोडू. बोल."

मग ऋजुता बोलली. नदीचं बोलली, जेवायच्या हाकेचं बोलली, काम अर्धवट टाकून उठावं लागतं त्याचं बोलली. शैलजाबाईंनीही काही बाकी ठेवलं नाही. बारा वर्षं सून त्यांच्या चहात साखर कमी घालते आणि त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून कमी घालते, असं ऋजुताने तेवढ्याच जोरात ऐकवलं. मागून अमृताचा घाबरलेला आवाज आला, "आई, कुणाशी भांडून राहिली?"

"सुनेशी. तू मधात नको बोलू," शैलजाबाई तिला म्हणाल्या आणि पुन्हा फोनकडे वळल्या. त्यांना धाप लागली होती. ऋजुतालाही लागली होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं येते मी," त्या म्हणाल्या. "ते छप्पर बंद कर आता. दुनियेनं काहून पाहावं? काय असेल ते मला तोंडानं सांगत जाय."

"आणि तुम्हाला नाही आवडलं तर?"

"तर भांडीन. अमृताशी भांडते तशी."

फोन कानाशी धरूनच ऋजुताने दुरुस्त फाइल पाठवून दिली.